फुटबॉलचा नवा हंगाम: नागपूरच्या कट्ट्यावर नवख्याने शिरायचं कसं?

क्रिकेटवर बोलायला नागपूरकराला शिकवणी लागत नाही. जामठ्याला स्टेडियम आहे, विदर्भाने रणजी करंडक तीनदा आणलाय, घरातल्या आजीलाही पायचीत म्हणजे काय ते कळतं. फुटबॉलचं तसं नाही. ऑगस्ट लागला की धरमपेठ, सदर, प्रतापनगर, मेडिकल चौक, कुठल्याही टपरीवर चार पोट्टे प्रीमियर लीगवरून भांडताना दिसतात, आणि बाजूला उभा असलेला पाचवा चहाचा ग्लास धरून नुसता मान डोलावत असतो. हा लेख त्या पाचव्यासाठी आहे.

शिरायचं असेल तर याच दिवसांत शिरा. हंगाम उघडताना वीसही संघ शून्य गुणांवर असतात. कोणता नवा खेळाडू चालेल, कोणाचा प्रशिक्षक टिकेल, हे दहा वर्षं मॅच पाहणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तो फक्त ठाऊक असल्यासारखा बोलतो. डिसेंबरात आलात तर मागच्या पंधरा सामन्यांचे संदर्भ कानावरून जातील. आणि सुरुवातीपासून एक पथ्य पाळा: जे स्वतः पाहिलं, तेवढ्यावरच बोला. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका पथ्यासाठीच आहेत.

पायरी १: एकच लीग धरा

युरोपात डझनभर लीग एकाच सुमारास सुरू होतात. इंग्लंडची प्रीमियर लीग, स्पेनची ला लिगा, जर्मनीची बुंडेसलीगा, इटलीची सेरी आ. सगळ्या पाहू म्हणाल तर एकही नीट पाहून होणार नाही. नागपुरात गप्पा बहुतेक प्रीमियर लीगच्याच चालतात, तेव्हा नवख्याने तीच धरावी.

रचना सोपी आहे. २० क्लब, प्रत्येकाशी एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या, म्हणजे प्रत्येकी ३८ सामने आणि एकूण ३८०. जिंकलं की ३ गुण, बरोबरीला १, हरलं की भोपळा. ऑगस्टच्या मध्यापासून साधारण मे अखेरपर्यंत हे चालतं. शेवटी फायनल वगैरे काही नाही, आयपीएलसारखे प्लेऑफ नाहीत. ज्याचे गुण जास्त तो विजेता, आणि तळाचे तीन क्लब खालच्या लीगमध्ये जातात. त्यांच्या जागी खालून तीन वर येतात. ही खाली जाण्याची भीती भारतीय प्रेक्षकाला नवीन असते, कारण आपल्या आयपीएलमध्ये शेवटी आलेला संघ पुढच्या वर्षी तीच जर्सी घालून पुन्हा हजर असतो. म्हणून मे महिन्यात सतराव्या आणि अठराव्या क्रमांकासाठी जी मारामारी होते ती कधीकधी विजेतेपदापेक्षाही चढलेली असते.

चॅम्पियन्स लीग ही वेगळी स्पर्धा. ती आठवड्याच्या मधल्या रात्री असते आणि तिच्यात वेगवेगळ्या देशांचे वरचे क्लब खेळतात. लीग आणि कप या दोन गोष्टींची गल्लत करू नका. २०२४-२५ मध्ये टॉटनहॅम लीगमध्ये थेट सतरावा आला, म्हणजे खाली गेलेल्या तिघांच्या लगेच वर, आणि त्याच मोसमात मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग हा युरोपातला दुसऱ्या क्रमांकाचा कप घेऊन गेला. युनायटेड त्या वर्षी लीगमध्ये पंधरावा होता. "यंदा टॉटनहॅमचं वर्ष कसं गेलं?" या प्रश्नाला तेव्हा कट्ट्यावर दोन उत्तरं होती आणि दोन्ही बरोबर होती.

पायरी २: घड्याळ जुळवा

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात.

ऑगस्टमध्ये इंग्लंडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे शनिवारी दुपारी साडेबाराची मॅच म्हणजे आपली संध्याकाळी पाचची. तिथली दुपारी तीनची आपली साडेसातची, साडेपाचची आपली रात्री दहाची. रविवारी दोनची मॅच इथे साडेसहाला आणि साडेचारची इथे नऊला. शुक्रवारी किंवा सोमवारी तिथे रात्री आठला मॅच असली की आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. म्हणजे वेळापत्रकात "सोमवार" लिहिलेली मॅच तुम्हाला मंगळवार लागल्यावर पाहायची आहे. मंगळवारी ऑफिसातून येऊन टीव्ही लावून बसणारे लोक दरवर्षी भेटतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळ एक तास मागे घेतात. त्या दिवसापासून आपला फरक साडेपाच तासांचा होतो आणि सगळ्या मॅचेस इथे एक तास उशिरा सरकतात: पाचची सहाला, साडेसातची साडेआठला, साडेबाराची दीडला. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पूर्ववत. मोबाइलच्या अॅपमध्ये वेळ आपोआप बदलते, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवणाऱ्यांनी तेव्हा खाडाखोड करावी.

एक गंमत यातच सांगून टाकतो. शनिवारी दुपारी तीनच्या मॅचेस खुद्द इंग्लंडमध्ये टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात लोकांनी आपापल्या गावच्या मैदानावर जावं, छोट्या क्लबांची तिकीटं खपावीत, म्हणून तो जुना नियम आहे. इथे मात्र त्याच मॅचेस आपण शनिवारी साडेसातला घरी बसून पाहतो. लीड्सचा माणूस घरच्या टीव्हीवर पाहू शकत नाही ती मॅच लक्ष्मीनगरचा माणूस पाहतो.

भारतात प्रीमियर लीगचं प्रक्षेपण बरीच वर्षं स्टार स्पोर्ट्सवर आणि त्यांच्या अॅपवर आहे. इतर लीगचे हक्क अधूनमधून हात बदलतात, तेव्हा वर्षाचे पैसे भरण्याआधी आपली लीग तिथे दिसते का ते बघून घ्या. आणि ऑगस्ट म्हणजे नागपुरात पावसाचा महिना. वीज कडाडली की लाइट जाते, लाइटीबरोबर वायफाय जातं. मोबाइल चार्ज आणि डेटा शिल्लक, एवढी तयारी साडेसातच्या आत असू द्या.

पायरी ३: क्लब निवडा, पण पहिल्याच दिवशी नाही

"तू कोणाचा?" हा कट्ट्यावरचा पहिला प्रश्न. घाईघाईत उत्तर दिलंत की अडकलात, कारण क्लब बदलणाऱ्याला या दुनियेत मान नाही. जावई बदलला तरी चालेल, क्लब बदलायचा नाही, असं इथले जुने लोक म्हणतात.

माझा सल्ला असा की पहिले तीन आठवडे "अजून ठरवलं नाही, पाहून राहिलो" असं सरळ सांगा. कोणी हसणार नाही. उलट चारही जण आपापला क्लब तुमच्या गळ्यात मारायला लागतील आणि फुकटात इतिहासाचा तास होईल. लिव्हरपूलवाला सांगेल की २०२४-२५ चं विजेतेपद आमचं विसावं, आता युनायटेडशी बरोबरी झाली. युनायटेडवाला जुने प्रशिक्षक फर्ग्युसन यांच्या काळात जाईल, आणि तिथून त्याला परत आणणं कठीण असतं, कारण फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर युनायटेडने लीग जिंकलेली नाही. आर्सेनलवाला २००३-०४ काढेल: ३८ सामने, एकही हार नाही. मँचेस्टर सिटीवाला सलग चार विजेतेपदं मोजेल, २०२१ ते २०२४, जी आधी कोणालाच जमली नव्हती. चेल्सीत प्रशिक्षक सारखे बदलतात, तेव्हा चेल्सीवाला सध्या कोण आहे ते आठवत बसला असेल.

निवड करताना दोन गोष्टी बघा. एक, मागच्या वर्षी जिंकला म्हणून त्याला धरू नका. तसं करणाऱ्याला "प्लास्टिक फॅन" म्हणतात आणि तो शिक्का लवकर पुसला जात नाही. शिवाय जिंकलेला पुढच्या वर्षी जिंकेलच असं नाही: चेल्सी २०१५ मध्ये विजेता होता आणि पुढच्याच मोसमात दहावा आला. त्या मोसमात जिंकला कोण, तर लेस्टर, ज्याच्यावर सुरुवातीला सट्टेवाल्यांनी एकाला पाच हजार असा भाव लावला होता. दुसरी गोष्ट, त्या संघाच्या हारलेल्या दोन मॅचेस पूर्ण पाहा. हरताना बघवत असेल तर तो तुमचा क्लब.

नव्याने वर आलेला क्लब निवडायचा मोह काहींना होतो. हौस म्हणून ठीक आहे, पण काळीज घट्ट करून. २०२३-२४ मध्ये वर आलेले तिन्ही क्लब त्याच वर्षी परत खाली गेले, आणि २०२४-२५ मध्येही तिन्ही गेले.

पायरी ४: बाजार बंद होईपर्यंत तोंड आवरा

नवख्याला हे विचित्र वाटतं, पण हंगाम सुरू झाल्यावरही खेळाडूंची खरेदी-विक्री चालूच असते. इंग्लंडमध्ये उन्हाळी बाजार साधारण ऑगस्टअखेर किंवा १ सप्टेंबरला बंद होतो. म्हणजे पहिल्या दोन-तीन मॅचेस लोक अर्धवट जमलेल्या संघानिशी खेळतात. २०२५ मध्ये न्यूकॅसलचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक सुरुवातीच्या मॅचेसना मैदानावर आलाच नाही, त्याला लिव्हरपूलला जायचं होतं. शेवटच्या दिवशी, १ सप्टेंबरला, १२ कोटी ५० लाख पौंडांना सौदा झाला. त्या दिवशी बाजार आपल्या घड्याळाने रात्री साडेअकराला बंद झाला, आणि कितीतरी लोकांनी जेवण ताटात गार होऊ देऊन मोबाइल ढोसला.

या काळात अफवांना ऊत येतो. "आपल्याला तो मिडफिल्डर मिळून राहिला" असं जो सांगतो त्याला विचारा, क्लबने जाहीर केलं का? खरेदी-विक्रीच्या बातम्या देणारा इटालियन पत्रकार फाब्रिझिओ रोमानो याने त्याचं ते ठरलेलं "हिअर वुई गो" टाकलं का? नसेल तर मान डोलवा आणि चहा प्या. मेडिकल तपासणीत फिसकटलेले सौदेही असतात.

याच दिवसांच्या आगेमागे आपल्याकडे पोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी मारबत. इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात, म्हणजे वाईटाला शहराबाहेर नेणारे पुतळे, लोक ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" कट्ट्यावर त्या आठवड्यात प्रत्येकाकडे मारबतीबरोबर पाठवायचं एक नाव असतं. कोणाचा गोलकीपर, कोणाचा सेंटर बॅक, आणि युनायटेडवाल्यांचे तर थेट मालकच. नवख्याने आपलं नाव अजून काढू नये. तीन मॅचेसमध्ये कोणाला मारबत करणं हे अन्यायाचं आहे, आणि तोच खेळाडू चौथ्या मॅचमध्ये गोल मारतो असा अनुभव आहे.

पायरी ५: ऑगस्टच्या टेबलावर विश्वास ठेवू नका, पण गोलफरक विसरू नका

पहिल्या आठवड्यानंतर गुणतालिका निघते आणि लोक तिचे स्क्रीनशॉट फिरवतात. ही तालिका करमणुकीसाठी आहे. का, ते एकाच दिवसाच्या उदाहरणावरून सांगतो.

२८ ऑगस्ट २०११, रविवार. मँचेस्टर युनायटेडने आर्सेनलला ८-२ धुतलं. त्याच दिवशी मँचेस्टर सिटीने टॉटनहॅमच्या घरी जाऊन ५-१ ने मारलं. त्या रात्री जो तो म्हणत होता की आर्सेनल संपलं, टॉटनहॅमही संपलं. मे महिन्यात तालिका काय म्हणाली? आर्सेनल तिसरं, टॉटनहॅम चौथं. आठ गोल खाल्लेला आणि पाच गोल खाल्लेला, दोघेही वीसातल्या पहिल्या चारांत.

वर काय झालं ते तर अजून मोलाचं आहे. सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण झाले. प्रीमियर लीगमध्ये गुण सारखे झाले की आधी गोलफरक बघतात, म्हणजे केलेले वजा खाल्लेले. सिटीचा ६४, युनायटेडचा ५६. शेवटच्या दिवशी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध भरपाईच्या वेळेत आग्वेरोने गोल मारला आणि विजेतेपद सिटीकडे गेलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण आठ गोलांचा तो फरक वर्षभर साचत आला होता, आणि त्यातला एक मोठा घास ऑक्टोबरमध्ये सिटीने युनायटेडच्याच मैदानावर ६-१ ने जिंकून घेतला होता. म्हणून ऑगस्टमध्ये ३-० पुढे असलेला संघ चौथ्या गोलासाठी धावत असेल तर "आता कशाला मरून राहिले बे" असं म्हणू नका. ते मे महिन्याची सोय करत असतात.

जाता जाता: स्पेनमध्ये गुण सारखे झाले तर आधी त्या दोन संघांच्या आपसातल्या मॅचेस बघतात. बार्सेलोना-माद्रिदवाल्यांशी बोलताना हे ध्यानात ठेवा.

पायरी ६: मॅच बघायला शिका

जमलं तर पहिली मॅच चारजणांत बघा. कोणाच्या तरी खोलीवर, नाहीतर ज्या टपरीवाल्याला हरकत नाही तिथे. चित्र नेहमीचं असतं: मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून आडवा ठेवलेला, आवाज पूर्ण, तरी रस्त्यावरच्या ऑटोमुळे समालोचन अर्धंच ऐकू येतं. वरून कोणाच्या तरी दुसऱ्या अॅपवर तीस सेकंद आधी गोलची सूचना येते आणि तो "गोल!" ओरडून सगळ्यांचा विचका करतो. पहिला नियम म्हणूनच: मॅच सुरू होताच स्कोअरच्या सूचना बंद करा. हा गुन्हा कट्ट्यावर माफ होत नाही.

आता पाहायचं काय? नवखा चेंडू पाहतो. साहजिक आहे, पण चेंडूमागे डोळे फिरवून खेळ कळत नाही. पहिली दहा मिनिटं एकच खेळाडू पकडा, शक्यतो मधल्या फळीतला, मागच्या चौघांच्या पुढे उभा असणारा. चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो ते बघा. पास यायच्या आधी तो खांद्यावरून मागे किती वेळा बघतो? चेंडू गेला की पुढे पळतो की जागा धरतो? दहा मिनिटांनंतर तुमच्याकडे बोलायला एक गोष्ट असेल जी इतर तिघांनी पाहिलेली नसेल. "तो सहा नंबरवाला डावी बाजू उघडी टाकून राहिला" एवढं वाक्य पुरे. बरोबर असेल तर मान मिळतो, चूक असेल तर कोणीतरी समजावून सांगतं. दोन्हीत फायदाच.

ऑफसाइड तर आलंच. घाबरायचं काही नाही. पास निघतो त्या क्षणी पुढचा खेळाडू समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात असेल, चेंडूच्याही पुढे असेल आणि शेवटून दुसऱ्या विरोधी खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी. शेवटचा बहुधा गोलकीपर असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा डिफेंडर मोजतात. पण गोलकीपर पुढे आलेला असला तर हिशोब बदलतो, तिथे भलेभले चुकतात. हात धरत नाहीत. ज्या अवयवाने गोल करता येतो तोच मोजतात, म्हणून गुडघा नाहीतर पायाचं बोट पुढे गेल्यावरून वाद होतात. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांच्यावर थेट ऑफसाइड नसतो. आणि पास मिळतो तो क्षण नव्हे, पास निघतो तो क्षण महत्त्वाचा. हे एक वाक्य पक्कं केलंत की रिप्ले पाहताना निम्मे वाद तुम्हीच सोडवाल.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओवर निर्णय तपासण्याची पद्धत, प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० पासून आहे. तिच्यावर रागावणं हा सगळ्या क्लबांच्या चाहत्यांचा एकमेव सामायिक छंद आहे. गोल झाल्यावर उड्या मारायच्या की थांबायचं, हा प्रश्न तेव्हापासून कोणालाच सुटलेला नाही. मारून घ्या. रद्द झाला तर शेजाऱ्याला पुन्हा मारता येतात.

समालोचक "एक्सजी" म्हणेल. म्हणजे मिळालेल्या संधींचा दर्जा गोलांत मोजलेला. पेनल्टीची किंमत साधारण पाऊण गोल धरतात, लांबून मारलेल्या फटक्याची अगदी किरकोळ. एखादा संघ १-० हरला पण त्याचा एक्सजी अडीच असला, तर खेळ बरा झाला, नेम चुकले. पहिल्या महिन्यात गुणतालिकेपेक्षा हा आकडा जास्त खरं बोलतो, पण तो तोंडावर फेकून वाद जिंकू नका. लोकांना तसला माणूस आवडत नाही.

पायरी ७: फँटसी खेळायची तर वेळ सांभाळा

मित्रमंडळींत शिरायची ही सोपी वाट आहे. प्रीमियर लीगची अधिकृत फँटसी फुकट आहे. १०० च्या बजेटमध्ये १५ खेळाडू: २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ स्ट्रायकर. एका क्लबचे जास्तीत जास्त तीन. कॅप्टनचे गुण दुप्पट. फुकटच्या बदलांपेक्षा जास्त बदल केले की प्रत्येकी ४ गुण कापतात, म्हणून एका खराब मॅचवरून खेळाडू काढू नका.

संघ बंद होतो तो आठवड्यातल्या पहिल्या मॅचच्या दीड तास आधी. पहिली मॅच शुक्रवारी रात्री असली तर आपल्याकडे शुक्रवारी रात्री अकराला. शनिवारी तिथल्या साडेबारापासून सुरुवात असेल तर आपल्या दुपारी साडेतीनला, म्हणजे ऐन शनिवारच्या झोपेत. गजर लावा.

पैशांची पैज टाळा. कट्ट्यावर तर्री पोह्याची पैज चालते, तिचा निकाल सकाळीच लागतो आणि हरणाऱ्याचं नुकसान झेपण्यासारखं असतं.

पायरी ८: बोलायची रीत

नागपुरी कट्ट्यावर टोमणा हा नमस्कार आहे. "काऊन बे, काल झोपला का लवकर?" असा निरोप रविवारी सकाळी आला की समजा तुमचा संघ शनिवारी रात्री हरला. चिडू नका. उत्तर म्हणून "भाऊ, पह्यली मॅच आहे, थंड घे" एवढं कायम चालतं. मॅच पाहिली नसेल तर "हायलाइट्सच पाहिले" असं आधीच सांगा. हायलाइट्समध्ये फक्त गोल आणि चुका असतात. ज्याने नव्वद मिनिटं पाहिलीत त्याच्यासमोर त्या तीन मिनिटांच्या भांडवलावर मत ठोकणं लगेच उघडं पडतं.

कोणी वयस्क काका असतील तर त्यांना बोलू द्या, विशेषतः धंतोलीतले बंगाली काका असतील तर. ते प्रीमियर लीगवरून ड्युरँड कपवर येतील. तो १८८८ मध्ये सुरू झालेला, आशियातला सगळ्यात जुना फुटबॉल करंडक, आणि भारतातला मोसम अलीकडे जुलै-ऑगस्टमध्ये त्यानेच उघडतो. तिथून ते १९११ च्या मोहन बागानवर जातील, ज्यांनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली. हे ऐकण्यासारखं असतं. आयएसएल, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगबद्दल विचारलंत तर सुस्कारा ऐकायची तयारी ठेवा: २०१४ ला सुरू झालेली ही लीग २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या तंट्यात अडकली आणि ठरल्या वेळी सुरूच होऊ शकली नाही.

पायरी ९: पहिल्या सुट्टीत मैदानावर जा

सप्टेंबरमध्ये देशांच्या मॅचेससाठी लीग दोन-तीन आठवडे थांबते. गरम झालेला कट्टा एकदम थंड पडतो. तेव्हा टीव्ही सोडा आणि आपल्याच शहरातलं फुटबॉल शोधा.

नागपूर आणि कामठीचा फुटबॉल जुना आहे. कामठीला लष्कराची छावणी एकोणिसाव्या शतकापासून आहे, तिथे हा खेळ रुजला आणि टिकला. रब्बानी, राहुल, यंग मुस्लिम ही क्लबांची नावं इथल्या मैदानांवर लोक ज्या आपुलकीने घेतात ती लिव्हरपूल-आर्सेनलला मिळत नाही. नागपूर जिल्हा फुटबॉल संघटना लीग भरवते, तिच्यातही वरचे-खालचे गट असतात. रेल्वेच्या मोतीबाग मैदानावर किंवा कामठीत रब्बानीच्या मैदानावर सामने होतात. तारखा स्थानिक वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर कोपऱ्यात येतात, तो कोपरा वाचायची सवय लावा. याच शहरात हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहून त्यांचा फुटबॉल सुरू केला. त्यातून उभी राहिलेली स्लम सॉकर आज देशाबाहेरही ओळखली जाते.

मैदानावर गोलमागे उभे राहू नका, तिथून फक्त पाठी दिसतात. पेनल्टी बॉक्सच्या वरच्या रेषेच्या सरळ, टचलाइनपासून चार पावलं मागे जागा धरा. तिथून बचावाची फळी एका रेषेत कशी पुढेमागे होते ते दिसतं. कॅमेरा चेंडूमागे असल्याने टीव्हीवर हे क्वचितच कळतं. गोलकीपर मागून काय ओरडतो तेही ऐका, "चढ! चढ!" ऐकू आलं की चौघे पुढे सरकतात आणि समोरचा स्ट्रायकर ऑफसाइड सापडतो. सहाव्या पायरीतला सगळा नियम तिथे तीन सेकंदांत उलगडतो. पावसाची शक्यता असेल तर छत्रीऐवजी रेनकोट न्या, मागच्याला दिसलं पाहिजे. पांढरे बूट घरी ठेवा.

आणि खेळाडूला शिव्या घालू नका. टीव्हीवर घातलेल्या त्याला ऐकू जात नाहीत, इथे जातात. शिवाय तो कोणाचा तरी भाचा असतो, आणि मामा बहुतेक तुमच्या शेजारीच उभा असतो.